लाल आणि पांढरीचा संसार

५ जानेवारी
रिटायर झाले म्हणून मेंदू कॉलेजात जमा केलेला नाही. आज दोन यीस्ट, एक लाल आणि एक पांढरी, एका फ्लास्कमध्ये सोडल्या. लालला जे स्वतः बनवता येत नाही ते पांढरी बनवते, पांढरीचं अडतं तिथे लाल. बाहेरून साखर आणि क्षार, बाकी काही नाही. रोज सकाळी त्यातलं थोडं नव्या फ्लास्कमध्ये. पिढ्या उलटतील तशा एकमेकींना पोसायला शिकतील. मार्चमध्ये यावर कॉलेजात व्याख्यान. हेड चंद्रकांत फोनवर म्हणतो, "घरी जमेल का मॅडम?" माझ्याच विषयात दोनदा नापास झालेला मुलगा!

९ जानेवारी
पाणी नितळ. वाढ नाही. दोघी हटून बसल्यात. कामाला येणारी इंदूबाई म्हणाली, "आवो बाई, जीव हाय म्हनताय न्‌ उपाशी ठिवताय व्हय?" तिला भांडी घासायला पिटाळलं. विज्ञानात दयामाया नसते.

१० जानेवारी
चिमूटभर तयार पोषक पावडर घातली. दया नव्हे. थंडी फार आहे, शिवाय इथे पौडला वीज सारखी जाते. अपवाद.

२२ जानेवारी
पाणी गढूळ! सहकार्य सुरू. पावडर नगण्यच, हल्ली अर्धा चमचा. शनिवार-रविवार नवा फ्लास्क भरला नाही. गुडघे बोलत होते. शाळेत कॉन्व्हेंटच्या सिस्टरही रविवारी काम करू देत नसत.

११ फेब्रुवारी
गाळाची गुलाबी छटा गेली. संसार मुरला की रंग उतरायचाच. पेट्री प्लेटवर वाढवून लाल किती, पांढरी किती हे मोजायला हवं, पण प्लेट आणायला हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कोण मरणार? माझ्या नजरेला प्लेट लागत नाही. चंद्रकांतला पहिल्या रांगेत बसवणार.

३ मार्च
नमुना तृप्तीच्या लॅबमध्ये पाठवला. माझी विद्यार्थिनी. निव्वळ औपचारिकता.

७ मार्च
तृप्तीचा फोन. "मॅडम, रागावू नका. लाल एकही नाही. कधीच संपली असणार. पांढरी आहे, पण नुसत्या साखर-क्षारांवर वाढत नाही. बाहेरून काही देत होतात का?"
नगण्य, म्हटलं.
ती म्हणाली, "व्याख्यान पुढे ढकलू. पहिल्यापासून लावू या, मी येत जाईन मदतीला."
कुणी मदत केल्याशिवाय जगता येऊ नये, एवढी मी यीस्ट नाही, असं सुनावलं आणि फोन ठेवला.
ती परत फोन करेल म्हणून चहा घेऊन तिथेच बसले. चहा गार झाला, साय धरली.
शेवटी फोन मीच केला.