मामाच्या हातांवरचा कापूस

बोरी अरब,
१२ सप्टेंबर २०२४

चि. दीपास,

आईचा जय भीम व अ. उ. आ. वि. वि. फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून जीपवाल्या भीमसिंगजवळ चिठ्ठी देते. संघदीपला डेंग्यूचा ताप म्हणून दारव्ह्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा त्याच्या पांढऱ्या पेशी चार हजार आठशे होत्या. दुसऱ्या दिवशी रक्त काढलं, तीन हजार. काल पुन्हा काढलं, एकवीसशे. रोज उपसल्यावर विहीरसुद्धा खाली जाते, मग माझ्या लेकराचं काय? तू थोरली बहीण असून बघत बसलीस!

उद्या नागोराव मामा येतोय. संघदीपला घरी आणायला सांगितलं आहे. मला राग आलाय आणि भीतीही वाटते. तू वेळेवर जेवतेस ना?

तुझी आई,
सत्यभामा

दारव्हा,
१५ सप्टेंबर

ती. आईस,

दीपाचा सप्रेम जय भीम. वि. वि. तुझी चिठ्ठी वाचून आधी चिडले, मग रडले. मामा परवा आले ते थेट संघदीपच्या चपला शोधू लागले. मी त्यांना लॅबमधल्या प्रेरणाताईंकडे नेलं. त्यांनी समजावलं, की तपासायला घेतात ते चमचाभर रक्त, त्यानं पेशी घटत नाहीत. डेंग्यूच्या विषाणूमुळे हाडांतल्या मगजात नव्या पेशी तयार होणं काही दिवस मंदावतं. विषाणू हटला की त्या आपोआप वाढतात. पण ताप उतरतानाचे दिवसच जास्त धोक्याचे, तेव्हा घरी नेऊच नका.

मामांना पटेना. शेवटी तेच म्हणाले, की मंग माह्यंबी रोज काढा, पाहू घटते का. सुई दिसली की पळणारे आपले मामा! परवा डोळे गच्च मिटून बसले. सात हजार चारशे निघाल्या. संघदीपच्या मात्र त्याच दिवशी एकोणीसशेवर आल्या होत्या. आई, त्या दिवशी मीही प्रेरणाताईंना पुन्हा पुन्हा विचारत होते, की नक्की वाढतील ना. काल मामांनी दुसरा हात पुढे केला. सात हजार पाचशे!

आणि आज संघदीपच्या सत्तावीसशे झाल्या. सकाळी त्यानं स्वतःहून वरणभात मागितला. ही चिठ्ठी मामांजवळच देते. राग सोड आणि औषध घे.

तुझी लाडकी,
दीपा

बोरी अरब,
१८ सप्टेंबर

चि. दीपास,

अ. उ. आ. काल भीमसिंगनं तुझा निरोप दिला. पेशी चार हजारांवर गेल्या आणि उद्या सुट्टी मिळणार, हे ऐकून जीव भांड्यात पडला.

नागोराव परवा जीपमधून उतरला तो दोन्ही हातांवर कापूस चिकटवलेलाच. घरी यायच्या आधी अर्ध्या गावाला दाखवून आला. शाळेत लस टोचायला आले की हाच माझ्या मागे लपायचा. मी त्याचे हात धरून खूप रडले. त्यानं माझं ऐकलं असतं, तर आज काय झालं असतं गं? तुमचे सगळ्यांचे उपकार आहेत. प्रेरणाताईंसाठी घरच्या मुगाची डाळ पाठवते, त्यांना माझा जय भीम सांग. तुला बोलले ते मनात ठेवू नकोस, आईवर माया राहू दे.

तुझी आई,
सत्यभामा

ता. क. आठ दिवसांनी पुन्हा तपासायला बोलावलंय ना? तेव्हा संघदीपला घेऊन मी येईन. त्याच्या आधी माझं रक्त काढा म्हणावं. पोलक्याची बाही घट्ट होती, ती आजच उसवून सैल केली आहे.