तांदळात लिहिलेलं नाव

श्रीपाद,

उद्या कोर्टात आपल्या घटस्फोटाच्या शेवटच्या सह्या. तुझ्या वकिलांनी नवं कलम घातलंय, की लग्नात तू दिलेलं नाव मी सोडायचं. माझे वकील म्हणाले, “जाने दीजिए मॅडम, नाम ही तो है.”

नाही जाऊ देणार. ताटातल्या तांदळात तू अंगठीने ‘मृणाल’ लिहिलंस, तेव्हा माहेरच्या क्षिप्राला कुणी विचारलं नव्हतं. सहा महिने हाक आली तरी मी वळायचे नाही. पण नोकरी मृणालने केली, मयूर विहारच्या फ्लॅटचे हप्ते मृणालने भरले, आपल्या अथर्वच्या दाखल्यावर आई मृणालच आहे.

फ्लॅटमधला अर्धा वाटा घे. पण ते कलम खोडल्याशिवाय माझी सही नाही. हे पत्र पाठवत नाही, उद्या तोंडावरच सांगते. नाव देताना तू विचारलं नव्हतंस, आता मीही विचारणार नाही.

मृणाल