छकुलीचा नंबर

५ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

छकुली तुझ्याकडे आल्यापासून तिच्या चष्म्याचा नंबर तसूभर वाढला नाही, हे वाचून खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण ताई, मला संशयच आला. गेलं वर्षभर तो नुसता धावत होता आणि मावशीकडे आल्याबरोबर शहाण्यासारखा थांबला? रात्रीचे थेंब घालतेस ना? की तुला डॉक्टर आवडत नाही म्हणून बाटली फडताळात गेली? शाळेतून आल्यावर बाहेर उजेडात खेळते, की तुझ्या दुकानात पुस्तकात नाक खुपसून बसते? तिचे लाड करायला तुला निमित्त लागत नाही, म्हणून विचारते.

नंबराला आवर घालायचा तो याच वयात. वाढला, तर तिला इकडे घेऊन येईन. तिलाही तसं बजावलंय. मी इस्पितळात पाळीवर असताना तिला घरी एकटं राहावं लागेल, पण इलाज नाही.

लोभ या चौकशीने आटू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

१२ जुलै

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तू नर्स झालीस की फौजदार? थेंब मी स्वतः घालते. खेळायला रोज हाकलते. त्या डॉक्टरच्या रांगेत कशाला ताटकळायचं, म्हणून डोळे मीच तपासते. चष्म्याच्या दुकानात जन्म गेला माझा! चष्मा लावून दुकानातल्या अक्षरांच्या पाटीवरची शेवटची ओळ घडाघडा वाचते पोरगी.

पण तू डोक्यात किडा सोडलास बघ. काल तिने रस्त्यापलीकडच्या भलत्याच बाईला मावशी समजून हात केला. मी हसले, मग मात्र हसू येईना.

राग नाही, माया आहे तशीच आहे.

तुझी,
ताई

२० जुलै

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

काल तिला तपासायला बसवलं, तर पाटीमागचा दिवा गेलेला. मी बटण खटखटवतेय, पाटी काळीकुट्ट, आणि ही बया शेवटच्या ओळीपर्यंत म्हणून मोकळी! अगं, रोज त्याच पाटीसमोर ती अभ्यासाला बसते आणि मी दिवसभर गिऱ्हाइकांकडून तीच अक्षरं वाचून घेते. पाठ होणार नाहीत तर काय? माझ्या मेलीच्या डोक्यात कसं आलं नाही!

मग रडली. नंबर वाढला तर आई घेऊन जाईल, म्हणाली. तुझी भीती नाही गं तिला, त्या बंद घरात एकटं राहायची आहे. आज डॉक्टरकडे नेलं. नंबर एकाने वाढलाय. आधी आणलं असतं तर थेंब तेव्हाच बदलले असते, म्हणाले. आता नवे थेंब दिलेत. मान खाली घालून ऐकून घेतलं.

तुला कळवू नको म्हणून तिने शपथ घातली होती, ती मोडून लिहितेय. न्यायचं असेल तर ये.

तुझी,
ताई

२४ जुलै

चि. छकुलीस,
अ. आ.

मावशीवर रुसू नकोस. नंबर कितीही होवो, तू मावशीकडेच राहायचंस. डॉक्टरांना मात्र जे दिसत नाही ते दिसत नाही म्हणून सांगायचं. कुणी रागावणार नाही, मी तर नाहीच नाही.

रजा मिळालीय. रविवारी येतेय. न्यायला नाही गं, नुसती भेटायला.

तुझी,
आई