भुकेची कॅप्सूल आणि माझे झेरॉक्स

मंगळवार, रात्री सव्वाआठ

भूक मारायच्या कॅप्सूलचा अकरावा दिवस. वजन अर्धा किलो वाढलंय. वाढलंय!

का, ते आज कळलं. आमचं जैनांचं घर, सगळे दिवस मावळायच्या आत जेवतात. मी कॅप्सूल घेते दुपारी, त्यामुळे सहाला भाकरी बघूनच नको वाटतं. आई ताट वाढते, मी सरकवते. आठला इफेक्ट उतरतो, तेव्हा किचन बंद. मग "झेरॉक्स काढून येते" सांगून कोपऱ्यावरच्या गाड्यावर वडापाव. अंधारात, तेही आमच्यात वर्ज्य असलेल्या बटाट्याचा. अकरा दिवसांत एवढे कसले झेरॉक्स, कुणी विचारलं कसं नाही?

आज छातीत धडधडायला लागलं, तेव्हा घाबरून आईला सगळं सांगून टाकलं. वाटलं, बटाट्यावरून ओरडणार. ती कॅप्सूलची बाटलीच बघत बसली.

"अगं येडे, भूक लागावी म्हणून लोक तालमीत घाम गाळत्यात, आणि तू ती मारायला पैसे घालतीस व्हय?"

मग म्हणाली, "उद्या डॉक्टरला दाखवू. बाटली मी ठेवते. आणि सहाला जेवायला बस की माझ्यासंगं."

सगळे जेवून उठल्यावर मी सरकवलेल्या त्या ताटासमोर ती रोज एकटीच बसत होती का? मी बघितलंच नाही.

आता भूक लागलीय. झेरॉक्सला जात नाही.