खालचं ठेवायचं की वरचं

तीर्थरूप अक्का,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे, भावोजींचा खोकला आणि तुमच्या डोक्यावर दिवसभर खुर्च्या ओढणारा तो वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, या तिघांची प्रकृती कशी आहे ते कळव. माझी बरी आहे. (बरी म्हणजे, चहा स्वतः करतो आणि स्वतःच पितो, इतपत.) हाताशी फोन असताना ठोंब्या पत्र कशाला लिहितोय, असं तू चष्मा कपाळावर चढवून म्हणशीलच. त्याला कारण आहे, पण ते शेवटी. मधली पानं सोडून थेट शेवट वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे, ती या वेळेपुरती आवर. ई-मेलचं तर नावच काढू नकोस. मागे दोन पाठवले, ते तुझ्या फोनने परस्पर कचऱ्यात टाकले. त्यालाही म्हणे फिल्टर असतो. तुला लाखोंचं बक्षीस लागल्याचं कळवणारे भामटे खुशाल आत, आणि सख्खा भाऊ दाराबाहेर! चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

आता फिल्टर म्हटलं की माझी कळ दाबली जाते, हे तू जाणतेस. सगळी नोकरी पाणी गाळण्यात गेली. नदीचं गढूळ पाणी घ्यायचं, तुरटी घालायची, गाळ बसू द्यायचा, वाळूच्या थरांतून पाणी खाली उतरवायचं आणि गावाला पाजायचं. वाळू तुंबली की खालून उलटं पाणी सोडून ती धुवायची. एवढ्या शिदोरीवर मी जगातल्या कुठल्याही विषयावर मत द्यायचो. घरात मात्र माझी डाळ शिजत नसे. एकदा हिने भाज्या उकळून ठेवल्या आणि मला म्हणाली, एवढं गाळून ठेवा. मी खात्याच्या शिस्तीत गाळलं, सगळं पाणी मोरीत ओतलं आणि लगदा ऐटीत ताटलीत आणून ठेवला. तिला हवं होतं पाणी! सूप करायचं होतं. ओट्याला धरून ती इतकी हसली की शेवटी खाली बसली. ‘अहो, एवढे फिल्टरवाले तुम्ही, ठेवायचं काय ते विचारायचं तरी!’ पुढे कित्येक महिने येईल त्या पाहुण्याला हा किस्सा चहाबरोबर मिळायचा. (तुलाही दोनदा मिळाला आहे. दुसऱ्या वेळी तू पहिल्यांदाच ऐकतेयस असं दाखवलंस, त्याबद्दल आजही तुझे आभार.)

मग तिचीच किडनी बिघडली. डॉक्टर मला लहान मुलाला सांगावं तसं म्हणाले, आजोबा, किडनी म्हणजे शरीरातला फिल्टर. माझ्यासमोर फिल्टर! मी खुर्ची पुढे ओढून विचारलं की मग उलटं पाणी सोडून धुता येत नाही का? ही पलंगावरून म्हणाली, ‘अहो, मला टाकी समजू नका.’ नंतर डायलिसिस सुरू झालं, तेव्हा मी त्या यंत्राचा फिल्टर चारी बाजूंनी तपासला आणि दाब किती, किती दिवसांनी बदलता, असं विचारून तिथल्या मुलीला भंडावून सोडलं. ‘हे त्यातलेच आहेत,’ ही तिला सांगायची, आणि तेही मी कुठला मोठा साहेब असल्यासारखं. अक्का, आख्ख्या गावाचं पाणी गाळलं मी, आणि घरातल्या एका माणसाचं रक्त गाळता आलं नाही. रडू येतं ग. कुणी बघत नसलं की येतं, बघत असलं की कांदा चिरायला घेतो.

ती गेल्यावर लेकीने तिचा फोटो मोठा करून आणला. फोटोवाल्याने वर कसला तरी फिल्टर मारलेला. सुरकुत्या साफ, हनुवटीवरचा तीळ साफ, रंग चार छटा उजळ. शेजारी मी उभा राहिलो तर तिचा बाप शोभेन. तो फोटो मी कपाटात भिंतीकडे तोंड करून ठेवला आहे. लेकीला सांगितलं की ऊन लागून खराब होईल.

एवढ्याने शहाणं व्हायला हवं होतं, पण आपल्या घराण्यात ती रीत नाही. माझ्या फोनमध्ये निवृत्तीच्या भाषणाची तालीम होती, मी घरी मोठ्यांदा वाचून भरून ठेवलेली. भाषण रद्दीच आहे. पण मागे स्वयंपाकघरात ही होती. भांडी आपटत होती, खोकत होती, मधूनच गॅस बंद केला का विचारत होती आणि ‘हळू वाचा, वन्सं कानात बोळे घालतील’ म्हणून हसत होती. तिचा आवाज आता तेवढाच. तो ऐकताना फार खरखर यायची, म्हणून मी जावईबापूंना म्हटलं, एवढं जरा गाळून द्या. (ते जाहिरातींचे आवाज साफ करतात, माणूस गुणी आहे.) त्यांनी बिचाऱ्यांनी जागून काम केलं, नवं भरलं, आणि फोनमध्ये जागा नव्हती म्हणून जुनं काढून टाकलं. ‘बाबा, ऐका, मागचा सगळा कचरा गेला, तुमचा शब्द न् शब्द स्वच्छ!’

खरोखर स्वच्छ आहे. तुरटीचं प्रमाण, वाळूचे थर, वरिष्ठांचे आभार, सगळं लख्ख. मधेच मी थांबतो. मग म्हणतो, ‘हो, केला बंद.’ पुन्हा वाचतो, पुन्हा थांबतो. ‘अगं, वाचू दे की मला.’ पलीकडे कुणी नाही. काय ठेवायचं ते मी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं. मी जावईबापूंना वा वा म्हणालो, पाठ थोपटली आणि चहा टाकला. त्यांना यातलं काही कळू देऊ नकोस, जीव लावून केलं आहे त्यांनी.

बाकी सर्व ठीक. भावोजींना नमस्कार.

तुझा धाकटा,
ठोंब्या

ता. क. – हे भाषण तेव्हा मी तुला फोनवर पाठवलं होतं आणि ‘लांबलंय, अर्धं काप’ असं तुझं उत्तर आलं होतं. ते तुझ्या फोनमध्ये अजून आहे का, एवढं बघ. असेल तर आहे तसं पाठव, खरखरीसकट, खोकल्यासकट. भावोजींना त्याला हात लावू देऊ नकोस, त्यांनाही दुरुस्तीची हौस आहे.

पुन्हा ता. क. – दर रविवारी तू फोनमधलं जुनं सगळं झाडून काढतेस, हे मला माहीत आहे. फोन न करण्याचं कारण हेच. फोनवर तुझं ‘नाही रे’ तिथल्या तिथे ऐकू आलं असतं. पत्र पोहोचायला काही दिवस लागतील, आणि तेवढे दिवस ते तुझ्याकडे आहे. सापडलं तर ताबडतोब फोन कर. नसलं तर पत्रच लिही, आणि ते साध्या टपालाने पाठव.