नाचघराचा पश्चिमेकडचा तुकडा

मी, खाली सही करणारी, वय एक्याऐंशी, समुद्रकाठच्या जुन्या हॉटेलात चादरी-टॉवेलांची कोठी सांभाळलेली आणि तिथल्याच लिफ्टवाल्याची विधवा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. माझा भाचा दर रविवारी फुलं घेऊन दडपण आणायला येतो, पण ते मी धरत नाही. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही. मरायला सवडच मिळाली नाही.

१. माझं राहतं घर म्हणजे हॉटेलच्या नाचघराचा एक तृतीयांश भाग. बाकीच्या दोन भागांत दातांचे डॉक्टर आणि शिकवणीच्या बाई राहतात. छतावर प्लॅस्टरचं मोठं फूल आहे. मध्ये भिंती आल्यावर माझ्या वाट्याला त्याच्या अडीच पाकळ्या आल्या.

नाचघराच्या या जमिनीवर पाय ठेवायची आम्हा नोकरांना बंदी होती. पाहुणे ट्रंका घेऊन हवापालटाला यायचे, संध्याकाळी बँड वाजायचा आणि कोठीच्या झरोक्यातून मला नुसते त्यांचे बूट दिसायचे. पुढे हॉटेल बुडालं आणि इथे इस्पितळ आलं. चादरी त्याच होत्या, म्हणून मीही राहिले. मग मुलींचं वसतिगृह झालं आणि चादरींचे इस्पितळात झाले नव्हते इतके हाल झाले. शेवटी मालकाच्या मुलांनी भिंती घालून तुकडे विकायला काढले, तेव्हा आम्ही हा घेतला. आता नाचाच्या जमिनीवर माझा गॅस आहे. सुट्टीच्या दिवशी हे रेडिओ लावायचे, टेबल भिंतीला सरकवायचे आणि आम्ही दोघं नाचायचो. पावलं चुकायची, पण नाचायचो. या जमिनीवर माझा फार जीव आहे.

२. बिल्डरला ही इमारत पाडून टॉवर बांधायचा आहे. बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्या, माझी एकटीची राहिली, म्हणून काम अडलं आहे. माझ्यानंतर घर ज्याचं, सही त्याची. तेव्हा पुढचं नीट वाचावं.

३. बँकेतली सगळी ठेव, शिलाई मशीन आणि ह्यांचं लिफ्टमधलं स्टूल माझ्या भाच्याला द्यावं. पोरगा प्रेमळ आहे. म्हणतो, "मावशी, नव्या घरात तुला दोन बाथरूम मिळतील." मी विचारलं, "एका वेळी दोन्हीकडे कशी जाऊ?" घर मात्र त्याला नाही. कागद वाचायच्या आधीच त्याची सही झालेली असते.

४. हॉटेलचा शिक्का असलेल्या उरलेल्या चादरी शिकवणीच्या बाईंना. डॉक्टरांनी माझी शिडी नेली ती कित्येक वर्षं परत आणली नाही. तीच त्यांना दिली असं समजावं.

५. राहतं घर मी माझ्या धाकट्या नणंदेला देते.

इथे, मी सांगते ते उतरवून घेणाऱ्या वकीलसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "तुमचं तर पटत नाही ना?" नाही पटत. हॉटेलात त्या काउंटरवर असायच्या आणि समोरच्याचा चेहरा आवडला नाही, तर खोल्या रिकाम्या असतानाही जागा नाही म्हणायच्या. आमच्या लग्नाला त्यांनी नाही म्हटलं. स्वतःच्या लग्नाला तर तीनदा. पण इस्पितळाने नळ टाकायला ही जमीन उखडायचं ठरवलं, तेव्हा त्याच मधोमध खुर्ची टाकून विणत बसल्या. कामगार कंटाळून गेले तरी त्या उठल्या नाहीत. जमीन राहिली ती वन्संमुळे, आणि त्याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे. हे त्यांना मी गेल्यावरच वाचून दाखवावं. आज त्या बाजारामागे भाड्याच्या खोलीत राहतात. माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहेत, आणि मरणालाही एक-दोनदा नाही म्हणतीलच.

घर स्वीकारल्याची त्यांची सही असलेली बरी, असं वकीलसाहेब म्हणाले, म्हणून त्यांना आज बोलावून घेतलं.

"वन्सं, घर तुमच्या नावावर करतेय. इथे सही करा."

"मी कशावरही सही करत नाही, वहिनी."

"अहो, घर मिळतंय."

"मिळू दे की. सही करणार नाही."

मी वकीलसाहेबांकडे पाहिलं. ते म्हणाले, घर मिळायला त्यांची सही लागत नाही, पाडायला लागेल. मी निर्धास्त झाले.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे.

ठिकाण: नाचघर, पहिला मजला
दिनांक: १४ ऑक्टोबर, दुपार

लिहून ठेवणार: कोठीवाल्या बाई (सही)
साक्षीदार: १. दातांचे डॉक्टर (सही; शिडी आणून देतो म्हणाले)
२. शिकवणीच्या बाई (सही)
घर मिळणार: नणंद (हजर; सही करण्यास नकार)