बेल वाजली होती

कडेगाव, ४ जुलै २०२५

चि. शिवांजलीस,
आप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

उसाच्या अकरा ट्रॉल्या, हायस्कुलाचं सरकतं फाटक, तुझ्या काकूचं शेवयांचं यंत्र आणि आता तीन डब्यांची छोटी मेट्रो. सगळं या दोन हातांनी, कुणाकडं न शिकता. मेट्रोला वायपरची मोटर बसवलीय. स्टेशन आलं की थांबते, बेल वाजते, मग दारं मिटतात. ड्रायव्हरच्या जागी वेणीची बाहुली बसवलीय. ती कोण, ते तूच ओळख.

खरी दारं बघायला परवा आम्ही दोघं पुण्याला येऊन गेलो. तू ड्युटीवर, उगाच धावपळ करशील, म्हणून कळवलं नाही. मेट्रो झकास, पण ड्रायव्हरनं तोंड कडू केलं. काकू सरकत्या जिन्याला बिचकून मागं राहिली. बेल झाली, तसा मी दारात पाय घातला. एसटी थांबतेच की! दार तीनदा घोट्यावर आलं. शेवटी गार्डानं मला मागं ओढलं आणि गाडी गेली. मी सोडतो होय? वेळ, डबा, दार, सगळं नोंदवून लेखी तक्रार दिली. बेल वाजलीच नाही, असं ठोकून दिलं. नाहीतर आपलं कोण ऐकतंय? तुझ्यासारखी नीट चालवणारी माणसं थोडीच.

तब्येतीला जप, आम्हाला विसरू नकोस.
तुझा आप्पा

पुणे, ११ जुलै २०२५

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर रडू आलं असतं, म्हणून लिहितेय. ती गाडी मीच चालवत होते.

तक्रार समोर ठेवली तेव्हा अक्षर लांबूनच ओळखलं; खाली सही, लालासाहेब. तपशील इतका चोख, की दुसऱ्या कुणावर ढकलायची सोयच तुम्ही ठेवली नाही. चौकशी होईपर्यंत मी डेपोत बसून आहे. पोरी मला बघून ‘ट्रिंग ट्रिंग’ करतात. नव्या मार्गावरच्या पहिल्या गाडीसाठी माझं नाव होतं. ती यादी महिनाअखेरीस लागते.

साहेबांनी विचारलं, आडनाव एकच कसं? म्हटलं, आमच्याकडं या आडनावाची निम्मी गावं हायत. आमचे आप्पा खोटं लिहितात, हे सांगायला जीभ वळली नाही. काकूला कळू देऊ नका.

रागावले नाही. तुम्हीही माया तशीच ठेवा.
तुमची शिवांजली

कडेगाव, २१ जुलै २०२५

चि. शिवांजलीस,
आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो.

काकूला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, आवं, बेल तर मला जिन्यावर ऐकू आली होती.

काल पुण्याला जाऊन लिहून दिलं : बेल वाजली होती, पाय मी घातला, तक्रार खोटी. साहेबांनी नातं विचारलं. पुतणी, म्हणालो. त्यांनी चहा मागवला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तुझ्या यादीचं विचारायचं धाडसच झालं नाही. परतताना मेट्रोत बेल झाली की मी दचकून मागं सरायचो, लोक बघायचे. तुझ्या खोलीवर यायला तोंड नव्हतं, तसाच एसटीत बसलो.

जमलं तर माया पातळ करू नकोस.
लालासाहेब

ता. क. साताऱ्याचं एक गणेश मंडळ आलं होतं. देखाव्याला आपली मेट्रो पाहिजे, आणि रोज संध्याकाळी माइकवर मी लोकांना सांगायचं, मेट्रोत कसं वागावं. नको म्हणालो. साठ हजार देत होते.